नवी रायफल आणि सारखा बग

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत बंदूक म्हणजे पोलिसांची नाहीतर नक्षलवाद्यांची. गडचिरोलीत १९९० साली सी-६० पथक निघालं, तेव्हापासूनच्या बातम्या ऐकत आम्ही वाढलो. त्यामुळे पुण्यात मी एअर रायफल घेतली म्हटल्यावर आई घाबरलीच. "बाप्पा, बंदूक कायले पाहिजे तुले?"

बालेवाडीच्या रेंजवर समोर १० मीटरवर फक्त कागद. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा! नव्या रायफलीचे पहिले पाच छर्रे दहावर लागायची गरज नसते, एकाच जागी लागले म्हणजे झालं. मग साइटचे क्लिक फिरवून तो ग्रुप मध्यावर आणायचा. छर्रे विखुरले तर साइटला हातच लावायचा नाही. आधी उभं राहणं, श्वास, ट्रिगर तपासायचं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटेल: दर वेळी सारखाच येणारा बग सुधारता येतो, कधीमधी येणारा छळतो.

दिवाळीनंतर आईला रेंजवर आणतोय. कागदावरची भोकं बघितली की तिची भीती जरा कमी होईल, बघू!