आत्याच्या गटाची वही

शाळेच्या ताईंचा गेल्या महिन्यात निरोप आला, "या अंकात पालकांपैकी कुणीतरी 'भारतभेट' या विषयावर लिहा. मुलांना समजेल असे लिहा आणि कृपा करून ताजमहाल नको!" आम्ही दोघेही संगणकाच्या धंद्यातले. निबंध लिहिण्याचा प्रसंग दहावीनंतर आलेला नाही. तरीही म्हटले, ज्या गोष्टीची आम्हाला अजून थोडी लाज वाटते तीच सांगावी. मुले निदान लक्ष देऊन वाचतील.

आमची आत्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात राहते. म्हसवडपासून दहा-बारा किलोमीटर आत गेले की तिचे गाव लागते. मुलांनो, त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि माणमध्ये पडतो त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात, पलीकडे नुसता वारा येतो. अशा मुलखात शेतीवर विसंबून भागत नाही, म्हणून दारात जनावर हवेच. गाय ज्याला परवडेल त्याची, शेळी मात्र सगळ्यांची. बाभळीच्या शेंगा, बांधावरची शेवरी, वाळका पाला, जे मिळेल त्यावर ती जगते आणि अडीअडचणीला विकता येते. मुलाची फी, म्हातारीचे औषध, लेकीची पाठवणी, यांतले काहीही निघाले की एक बोकड बाजारात जातो. आत्या म्हणते, "शेळी म्हंजी चार पायांची बँक."

आत्या चौथी शिकलेली. यजमान लवकर गेले. २००४ साली तिने गल्लीतल्या बारा बायकांना घेऊन बचत गट काढला. बचत गट म्हणजे काय, तर प्रत्येकीने दर महिन्याला ठरलेली रक्कम एकत्र ठेवायची आणि गरज पडेल तिला त्यातून कर्ज द्यायचे. त्यांची सुरुवात महिना पन्नास रुपयांनी झाली. व्याज दरमहा शेकडा दोन. ऐकायला भारी वाटते, पण ते व्याज सावकाराच्या खिशात जात नाही, गटाच्याच पेटीत परत येते.

त्या भागात बायकांनी पैशाचा व्यवहार हातात घेणे ही नवलाई राहिली नव्हती. म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली होती. ती काढणाऱ्या चेतना सिन्हा मूळच्या मुंबईच्या, लग्नानंतर म्हसवडला येऊन राहिलेल्या. त्यांचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण पुष्कळशा सभासद बायका निरक्षर होत्या. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या की कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांना यंत्राशिवाय येते का तेही बघा! परवाना मिळाला. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशीने म्हसवडला जनावरांची छावणी उघडली, तेव्हा आत्या आपल्या दोन गाई घेऊन तिथे जाऊन राहिली होती. छावणीत कोण कशी तगून राहते ते पाहिले आणि गावी परतल्यावर तिने गटात शेळ्यांचे काम सुरू केले.

तिची पद्धत साधी होती. आपल्याकडे जनावर अर्धलीने देण्याची जुनी चाल आहे, म्हणजे मालक एकाचे, सांभाळ दुसऱ्याचा आणि वाढ निम्मी निम्मी. आत्याने त्याला थोडा फाटा दिला. गट एका बाईला गाभण उस्मानाबादी शेळी द्यायचा. शेळी पाच महिन्यांत विते आणि उस्मानाबादीला बहुधा जुळी करडे होतात. त्यातली एक पाट, म्हणजे मादी करडू, मोठी करून गटाला परत द्यायची. ती पाट पुढच्या बाईला. अशी साखळी आठ वर्षांत वीसेक घरांत पोचली. आत्याने स्वतः पशुसखीचे शिक्षण घेतले. जंताचे औषध पाजणे, करडाची नाळ कापणे, आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घेणे, ही कामे ती पाहू लागली.

हे सगळे आम्हाला फोनवर तुकड्यातुकड्याने कळत असे. कौतुक वाटे. आणि मग आमच्या अंगात इंजिनिअर संचारला.

२०२१ च्या दिवाळीत आमच्या दोघांच्या मनात आले की साखळी फार सावकाश चालली आहे. आम्ही एक तक्ता केला. कोणत्या जातीच्या शेळीचे वजन किती, दूध किती, किती महिन्यांत किती वाढ. तक्त्यात पंजाबकडची बीटल शेळी सगळ्यांत वर आली. उंच, लांब कानांची, रुबाबदार. आत्या म्हणाली, "आपल्या हितं उस्मानाबादीच बरी हाय. लांबचं जनावर आपल्या उन्हाला आन पाल्याला सोसंल का?" आम्ही तिला तक्ता पाठवला. नव्वद हजार रुपये तिच्या खात्यावर जमा केले, व्यापारीही आम्हीच शोधला आणि वर आणखी एक हट्ट धरला. आमच्या आजोबांची पुण्यतिथी जानेवारीत येते. त्या दिवशी दहा शेळ्यांचे वाटप व्हावे आणि आम्हाला ते इथे न्यू जर्सीत बसून फोनवर दिसावे.

ट्रक पुण्यतिथीच्या चारच दिवस आधी आला. आत्याचा फोन आला, "बाळा, नवी जनावरं एकवीस दिवस येगळी ठिवायची असत्यात. मंग वाटू." आम्ही म्हटले, "आत्या, सगळ्यांना तारीख सांगून झाली आहे. आणि त्या धडधाकट दिसताहेत की!" ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बरं." भाच्याला, तेही पैसे पाठवणाऱ्या भाच्याला, नाही म्हणणे तिला जमले नाही. वाटप झाले. हार, नारळ, पेढे, सारे पाहून आमचे डोळे भरून आले. पुढे आम्ही अधूनमधून विचारले तर ती म्हणे, "चाललंय ब्येस." आम्ही कामात बुडालो.

२०२२ च्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब गावी गेलो. आमची थोरली तेव्हा अकरा वर्षांची होती आणि याच शाळेत चौथ्या वर्गात होती. गटाची बैठक मारुतीच्या देवळापुढच्या पारावर भरली होती. सचिव बाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. आत्या अभिमानाने म्हणाली, "आमची नात अमेरिकेत मराठी शिकतीया. आज वही तिला वाचू दे." आणि ती चहाचे बघायला घरात गेली.

मुलीने वही उघडली. मागच्या बैठकीचे पान शोधायला हवे होते, पण तिने अक्षर सुवाच्य दिसले ते पान धरले आणि आपण शाळेत धडा वाचतो तसे, बोट ठेवून, मोठ्याने वाचू लागली. "दिनांक १८ फेब्रुवारी २०२२. हजर सभासद अकरा. विषय पहिला. पंजाबच्या शेळ्यांपैकी सात व सभासदांच्या स्वतःच्या अकरा. एकूण मरतूक अठरा."

ती थांबली. आमच्याकडे वळून तिने विचारले, "बाबा, मरतूक म्हणजे काय?"

पारावर कोणी बोलेना. एका म्हाताऱ्या आजींनी हात पुढे करून वही घ्यायचा प्रयत्न केला, पण मुलीला वाटले की आपले काही चुकले, म्हणून ती आणखी घाईने पुढचे वाचू लागली. "ठराव एक. ज्यांची जनावरे गेली त्यांचे कर्जाचे हप्ते सहा महिने थांबवावेत. त्या काळाचे व्याज घेऊ नये. ठराव दोन. अध्यक्षबाई आपल्या तीन पाटी, ज्या तीन घरांत एकही शेळी उरली नाही, त्यांना देतील. ठराव तीन. अमेरिकेला ही गोष्ट कळवू नये. त्यांना वाईट वाटेल."

मग सारे समजले. ट्रकमधून आलेल्या शेळ्यांबरोबर पीपीआर नावाचा रोग आला होता. आधी ताप, मग नाक वाहते, तोंडात फोड येतात, हगवण लागते आणि चार-आठ दिवसांत जनावर जाते. गावातल्या जुन्या शेळ्यांना त्याची लस टोचलेली होती, त्या वाचल्या. पण आधीच्या दोन वर्षांत जन्मलेल्या पाटींना टोचायची राहून गेली होती, त्या गेल्या. नवी जनावरे एकवीस दिवस वेगळी बांधली असती तर रोग आमच्या सात शेळ्यांपाशीच थांबला असता. बायकांची अकरा जनावरे आमच्या त्या एका फोनमुळे गेली. आमच्या तक्त्यात वजन होते, दूध होते, पण एकवीस दिवसांचा रकाना नव्हता.

रात्री अंगणात आत्याला विचारले, "तू आम्हाला सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "सांगून शेळ्या उठणार हुत्या व्हय?" आणि थोड्या वेळाने, "आन सांगितलं असतं तर तू आणखी धा धाडल्या असत्यास."

खरे होते ते. आम्ही नक्की धाडल्या असत्या. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "आत्याबाई, निदान बायकांची भरपाई तरी आम्हाला करू द्या." आत्या म्हणाली, "ती बायांनी किली की. गटाचं नुकसान गटानं भरलं. आता तुमी पैसं दिलं तर त्येंनी किलेल्या कामाचं काय ऱ्हाईल?" मग मात्र तिने जरा सुनावले. "फुकट आल्याली शेळी मेली तर मानूस म्हनतंय, गेली. पर साखळीतली मेली तर पुढची बाई दारात यून इचारती, माझी पाट कुटं हाय? त्या इचारन्यानं शेळ्या जगत्यात." आम्ही मान खाली घालून ऐकले.

शेवटी विचारले, "मग तुला हवंय तरी काय?" तिची यादी तयार होती. लस गार ठेवायला चांगली शीतपेटी, जनावर टांगून मोजता येईल असा वजनकाटा आणि पैदाशीचे दोन उस्मानाबादी बोकड, कारण गावातले सारे एकाच रक्ताचे झाले होते. मिळून तीस हजार रुपये. पण दान नको, कर्ज हवे! गटाच्या दराने, बारा हप्त्यांत. आम्ही व्याजाचा आकडा काढायला खिशातून फोन काढतो तोवर ती म्हणाली, "तीन हजार नऊशे." आम्ही मुकाट्याने पडताळून पाहिले. घटत्या मुद्दलावर शेकडा दोनने बरोबर तीन हजार नऊशे! दुसऱ्या दिवशी पारावर ठराव झाला. वहीत आमचे नाव 'देणेकरी नव्हे, सावकार' असे लिहिले तेव्हा सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

वजनकाट्याची गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्वी व्यापारी दारात येई, बोकडाच्या पाठीवर हात फिरवी आणि नगावर भाव सांगे. काटा आल्यावर पहिल्याच आठवड्यात एकाने बोकड उचलून पाहिला आणि म्हणाला, "अठरा किलो भरंल." आत्याने बोकड काट्याला टांगला. चोवीस! तेव्हापासून गटाचे जनावर किलोवर जाते. तक्ता करण्याचा नाद आम्हाला आहे तसा तिलाही आहे, फक्त तिचा तक्ता शेळी पाहून झाल्यावर तयार होतो.

हप्ते साताऱ्यात आमच्या वडिलांच्या हातात दर महिन्याला पोचत राहिले. एकही चुकला नाही. शेवटच्या हप्त्याबरोबर वहीतल्या पानाची एक नक्कल आली. त्यात लिहिले होते, "कर्ज फिटले. सावकारास कळवावे." खाली बारा सह्या होत्या. त्यांत एकही अंगठा नव्हता.

आता मुलांना दोन शब्द. रविवारी सकाळी लवकर उठायचे, थंडीत गाडीत बसायचे आणि काना-मात्रा गिरवायच्या, याचा तुम्हाला कंटाळा येतो हे आम्हाला ठाऊक आहे, आमच्या घरातही दर रविवारी तेच नाटक होते. "हे मला कुठे उपयोगी पडणार?" असा प्रश्न तुम्ही विचारता. आमच्या मुलीला जर ती वही वाचता आली नसती तर आत्या आजही "चाललंय ब्येस" म्हणत राहिली असती आणि आम्ही इथे बसून दुसरा ट्रक पाठवला असता. जी गोष्ट आम्हा दोघा इंजिनिअरांना वर्षभर कळली नाही, ती तिने बोट ठेवून, अडखळत, पाच मिनिटांत वाचून दाखवली. 'मरतूक' हा शब्द आपल्या शाळेच्या शब्दसूचीत नाही. ताईंना विनंती आहे की तो घालावा.

थोरली आता लहान वर्गात ताईंना मदत करते. पुढच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गावी जाणार आहोत. आत्याने सांगून ठेवले आहे की नातीने येताना वहीसाठी निळ्या शाईची पेने आणावीत, आणि यावेळी पान आत्या स्वतः उघडून देईल!