साखरेच्या बंदरात

जमैका बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील फॅलमथ हे बंदर पायी पाहावयास अर्धा दिवस पुरतो. जहाजातून उतरलेले बहुतेक प्रवासी मोटारींनी दूर निघून गेले. शिरोळ तालुक्यातील एक वृद्ध श्रावक दांपत्य मात्र परदेशस्थ मुलासह गावातच राहिले.

1769 मध्ये वसविलेल्या या गावाचे रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. कित्येक जुनी घरे मोडकळीस आलेली. तरी एके काळची श्रीमंती लपत नाही. मध्यावर वॉटर स्क्वेअर नावाचा चौक आहे. मार्था ब्रे नदीचे पाणी येथे न्यूयॉर्कच्याही आधी नळाने आले, असे गावकरी अभिमानाने सांगतात. हे वैभव साखरेचे आणि रमचे. आणि साखर गुलामांच्या श्रमाची.

विल्यम निब या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या नावाचे चर्चही याच गावात आहे. 31 जुलै 1838 च्या रात्री, गुलामगिरीचा उरलासुरला अंमल संपत असता, त्याच्या अनुयायांनी साखळदंड, चाबूक आणि लोखंडी गळपट्टा शवपेटीत घालून पुरला. इंग्लंडमधील हजारो कुटुंबांनी तर 1791 च्या सुमारासच गुलामांनी पिकविलेली साखर वर्ज्य केली होती, असे मुलाने सांगितले.

आजी थबकल्या. दर चातुर्मासात त्याही साखर सोडतात. पण तो रसपरित्याग, जिभेला आवर घालण्यासाठी. ती साखर कोणाच्या हालांतून आली, हा प्रश्न त्या नियमात कधी डोकावला नव्हता. ताटात दोन्ही त्याग सारखेच दिसतात. एवढ्यावरून ते एक मानणे बरोबर नाही.

रस्त्याच्या कडेला सोललेल्या उसाचे तुकडे विकावयास ठेवले होते. आजोबांचा सारा जन्म उसात गेलेला. त्यांनी एक कांडे उचलून निरखले.

"अहो, आपल्या फडात सध्या तोडणी चालू असेल ना? टोळीतली मुलं शाळेत जातात का?"

"तोडणीच्या दिवसांत कसली शाळा? खोपीपाशीच असतात."

"आणि पहाटेच्या थंडीत?"

"टोळी कारखान्याची असते. उचल मुकादम देतो. त्यात आपलं काही नसतं."

"ऊस तर आपलाच ना?"

आजोबांनी कांडे जागेवर ठेवले. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनासाठी जहाजावर परतायचे होते. बंदराच्या फाटकापर्यंत दोघे हळूहळू बोलत चालले. बोलणे खोपींचे आणि मुकादमाचे होते. मुलगा मागून ऐकत होता.