सेंद्रियाची पारख

इंदुरात राहणाऱ्या माणसाने 'सेंद्रिय' या शब्दापुढे बुजून जाण्याचे काही कारण नाही. आज तो शब्द ज्या झगमगीत दुकानांतून आणि गुळगुळीत वेष्टनांवरून आपल्यासमोर येतो, त्यामुळे तो कोठून तरी दूर देशीचा वाटतो खरा; परंतु त्यामागच्या विचाराचा मोठा भाग आमच्याच गावच्या शेणखताच्या खड्ड्यांतून जगभर गेलेला आहे. अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या जागेवर 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था उभी केली. जिथे आज कृषी महाविद्यालय आहे, तीच ती जागा. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठराविक अंतराने उलटेपालटे करीत सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची जी रीत तिथे बसवली गेली, ती जगाच्या शेतीशास्त्रात आजही 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. १९३१ साली यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. हे नाव आमच्या मंडळींच्या बोलण्यात क्वचितच ऐकू येते. गणेशोत्सवातील व्याख्यानमालांतून आम्ही कितीतरी थोरांची चरित्रे ऐकली. वाडांवर एखादे व्याख्यान झाल्याचे मात्र आमच्या स्मरणात नाही. असो.

'सेंद्रिय शेती' या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी १९४० साली रूढ केला. त्याच वर्षी हॉवर्ड यांचा प्रसिद्ध ग्रंथही आला. त्यात त्यांनी हिंदुस्थानातील शेतकऱ्याला आणि पिकावरच्या किडीलाही आपले गुरू मानले आहे. कीड पडली की ती मारण्याआधी ती का पडली हे पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. मालाची वेष्टने, हिरवी पाने छापलेली चिन्हे आणि दुप्पट किमती हे सारे फार नंतरचे.

इतका वारसा पदरी असूनही हातात पिशवी घेऊन दुकानात उभे राहिले की आमचाही गोंधळ होतो, आणि यंदा तो अधिकच झाला. धाकट्या सूनबाईंना पाचवा महिना लागला आहे. घरात बऱ्याच वर्षांनी पाळणा हलणार, या आनंदात आम्ही दोघे असताना सूनबाईंनी मात्र स्वयंपाकघराचा कायापालट आरंभला. साखर गेली, सेंद्रिय खांडसरी आली. नेहमीचे मीठ गेले, गुलाबी खडेमीठ आले. नाचणीची बिस्किटे, सात धान्यांचा पाव, परदेशी क्विनोआ आणि कसल्याशा बिया येऊन फडताळात बसल्या. महिनाअखेरीस किराण्याचा हिशेब मांडला, तेव्हा तो आमच्या निवृत्तिवेतनाच्या निम्म्याला भिडला होता. 'बाबा, पैशांकडे पाहू नका, बाळाचा प्रश्न आहे,' असे त्या म्हणाल्या, आणि त्यावर काय बोलणार? प्रश्न बाळाचाच होता. म्हणूनच आम्ही ठरवले की, एकेक वस्तू हाती घेऊन तिची नीट चौकशी करावी. सूनबाईही संगणकाच्या क्षेत्रातल्या; पुराव्याचे त्यांना वावडे नाही.

पहिला विषय निघाला मिठाचा, आणि तो सर्वांत गंभीर ठरला. गुलाबी मीठ म्हणजे आपले सैंधवच. एकादशीला आणि चतुर्थीला ते आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या वापरले गेले आहे. त्यातल्या खनिजांचे जे गुणगान वेष्टनावर केलेले असते, ती खनिजे चिमूटभर मिठातून इतकी अल्प मिळतात की त्यांचा विचारच करू नये. पण त्यात बहुधा आयोडीन घातलेले नसते. आपल्याकडे २००६ पासून खाण्याच्या मिठाला आयोडीन लावणे बंधनकारक आहे, ते उगाच नव्हे. गर्भवतीला आयोडीनची गरज एरवीपेक्षा जास्त असते, कारण पोटातल्या बाळाच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉइड ग्रंथीवर अवलंबून असते. सूनबाईंच्या रक्ततपासणीत थायरॉइडचा आकडा थोडा वर सरकलेला दिसला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी औषध दिलेच, शिवाय घरात मीठ कोणते वापरता असेही विचारले. त्या आकड्याचे कारण मीठच होते असे कोणी म्हटले नाही, आम्हीही म्हणत नाही. परंतु त्या संध्याकाळी साध्या, स्वस्त, आयोडीनयुक्त मिठाची पुडी पुन्हा डब्यात गेली आणि गुलाबी मीठ उपासाच्या बरणीत परतले.

साखरेचे प्रकरण त्यामानाने सोपे. खांडसरी असो, सेंद्रिय असो वा गिरणीची शुभ्र साखर, रक्तात उतरल्यावर त्यांच्यात फारसा भेद राहत नाही. गुळाचीही तीच गोष्ट. त्यात थोडे लोह आणि बरीच चव असते हे मान्य. पण आमच्या वहिनी मधुमेह असूनही 'सेंद्रिय गूळ आहे, चालतो' म्हणून दोन वेळा गुळाचा चहा घेतात, ते मात्र चालत नाही. गुळात पारख करायचीच तर रंगाची करावी. पिवळाधमक, सोन्यासारखा गूळ दिसला की आपल्याला वाटते, हा चोख. पण तो रंग आणण्यासाठी गुऱ्हाळात पुष्कळदा 'हायड्रोस' नावाचे रसायन टाकतात. काळपट, जरा ओबडधोबड ढेप सहसा अधिक प्रामाणिक असते. आमच्या आईने पुरणासाठी कधी पिवळा गूळ घेतला नाही. ती सियागंजातल्या दुकानदाराला सांगे, 'दिखने में बुरा, वो दिखाओ.' तो हसे आणि आतल्या कोपऱ्यातली ढेप काढून देई.

सात धान्यांचा पाव, नाचणीची बिस्किटे यांबाबत एकच उपाय: वेष्टन उलटे करून बारीक अक्षरे वाचावीत. घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. मैदा पहिला, साखर दुसरी, पामतेल तिसरे आणि नाचणी कोठेतरी शेवटच्या ओळीत, असा तो बहुधा प्रकार असतो. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हापासून या वस्तूंना फारच बहर आला आहे. ज्या माळव्यात सोयाबीन येण्यापूर्वी घरोघर ज्वारीची भाकरी होत असे, त्या माळव्यात ज्वारीचे 'चिप्स' विकत घ्यावेत, याला काय म्हणावे? ज्वारी आजही मंडीत मिळते. भाकरी थापता येणारे हात मात्र कमी झाले, आणि ती उणीव कोणत्याही दुकानात भरून मिळत नाही. क्विनोआबद्दल आम्हांला एवढेच म्हणायचे आहे की, आमच्याकडे भगर आहे.

मग सेंद्रिय म्हणून जास्त पैसे मोजावेत ते कशासाठी? अन्नाच्या पोषणात सेंद्रियाने किती फरक पडतो, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पोषणात ठळक फरक आढळला नाही; २०१४ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या मंडळींना काही उपयुक्त द्रव्ये सेंद्रिय पिकांत जास्त आढळली. एका बाबतीत मात्र दोघांचे निष्कर्ष जुळतात: सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश कमी असतात. तेव्हा जिथे हे अंश पोटात जाण्याचा संभव अधिक, तिथेच खिसा सैल करावा हे उघड आहे. जे सालीसकट खातो, ज्याला सोलता येत नाही, ज्यावर वारंवार फवारणी होते, अशा वस्तू म्हणजे पालेभाज्या, भेंडी, वांगी, फुलकोबी, हिरवी मिरची, द्राक्षे. कांदा, मटार, नारळ, केळी यांच्या अंगावर देवाने वेष्टन दिलेलेच आहे. त्यांच्यासाठी दुप्पट दाम देणे आम्हांला पटत नाही. पाण्याने धुण्याचा उपयोग होतो, पण वरवरच्या थरापुरताच. झाडाच्या रसात भिनलेले औषध धुऊन जात नाही.

हळद आणि तिखट यांच्या बाबतीत तर प्रश्न सेंद्रियाचा नसून भेसळीचा आहे. हळदीला उजळ पिवळेपणा यावा म्हणून शिशाचा रंग चढवण्याचे प्रकार घडले आहेत, आणि शिसे हे वाढत्या बाळाला फार घातक. म्हणून हळकुंडे आणून, धुऊन वाळवून, एखादे फोडून आतला रंग पाहून ती चक्कीवर दळून घ्यावीत. तो पैसा सत्कारणी लागतो.

आणि मग उरते ती चिठ्ठी, म्हणजे प्रमाणपत्र. 'नैसर्गिक', 'शेतातून थेट', 'गावरान' हे शब्द छापायला असे प्रमाणपत्र लागत नाही. सेंद्रिय म्हणवून विकायचे तर मात्र राष्ट्रीय कार्यक्रमाखालील संस्थेचे अथवा शेतकऱ्यांच्या गटाने परस्परांच्या शेतांची पाहणी करून दिलेले प्रमाणपत्र लागते, आणि २०१७ च्या नियमांनंतर त्यासाठी 'जैविक भारत' हे चिन्हही आले आहे. हंगामी पिकांच्या शेताला त्याआधी साधारण दोन वर्षे रसायनांविना काढावी लागतात, फळबागेला तीन. लहान शेतकरी स्वतःच्या हाताने थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला यातून सवलत आहे. म्हणजे ज्याच्याजवळ कागद नाही तो खोटा, असे होत नाही. कागद शेताच्या रीतीबद्दल बोलतो. माणसाबद्दल आपली आपण खात्री करून घ्यावी लागते.

या ठिकाणी आम्हांला आमच्या जमिनीची आठवण होते. सांवेरकडे आमची थोडी शेती होती, ती पिढ्यान्पिढ्या बटाईने दिलेली. दरवर्षी चैत्रात तिथून गहू येई: लालसर, कडक काठिया, पावसाच्या ओलीवर वाढलेला, बाफल्यांना आणि लाडवांना नामी. पुढे नळकूप आले, सोयाबीन आले, आणि त्यामागून फवारणीचे पंप आले. एकदा आम्ही शेतावर गेलो असता विहिरीकडेचा एक पट्टा बाकीच्या पिकापेक्षा वेगळा दिसला. पाने किडीने कुरतडलेली, रंग फिका. आमच्या बटाईदाराला विचारले, तेव्हा तो जराही न संकोचता म्हणाला, 'यो घर को, वो मंडी को.' त्या पट्ट्यावर तो काही फवारत नसे. मंडीच्या पिकावर फवारताना नाकाला गमछा बांधी, आणि संध्याकाळी त्याचे डोके जड होई, हेही त्याने त्याच ओघात सांगितले.

१९९८ साली भावाभावांच्या वाटण्यांत ती जमीन विकली गेली. परंतु ते वाक्य आमच्याजवळ राहिले, आणि पुढे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावल्याचे वाचले तेव्हा ते पुन्हा ऐकू आले. आपण आपल्या ताटातल्या अंशांचा हिशेब करतो. तो अंश तिथे येण्याआधी ज्याच्या अंगावर पुरा फवारा उडतो, त्याचे नाव कोणत्याही वेष्टनावर नसते. सूनबाईंना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'म्हणजे आपण फक्त बाळापुरता विचार करत होतो.' आम्ही म्हटले, आईने तेवढा केला तरी पुष्कळ.

त्या बटाईदाराचा मुलगा आता स्वतःच्या चार बिघ्यांवर गहू, हरभरा आणि भाजी करतो. कागद त्याच्याजवळ नाही. गेल्या महिन्यात सूनबाईंना घेऊन आम्ही त्याच्याकडे गेलो. त्याने खताचा खड्डा दाखवला. थर रचलेले, वर कडबा झाकलेला, हात घातला तर आत ऊब. ही इंदूर पद्धत, असे आम्ही कौतुकाने सांगू लागलो, तर तो म्हणाला की हे त्याला त्याच्या आजीने शिकवले. त्यावर आम्ही गप्प बसलो. भेंडीवर मात्र एकदा औषध मारावे लागले, हे त्याने आपणहून सांगितले. त्यामुळे भेंडी घेतली नाही, पालक आणि मेथी घेतली. दर आठवड्याला रविवारी मोटरसायकलवरून तो दोन पिशव्या आमच्या घरी पोहोचवतो. भाव मंडीपेक्षा थोडा जास्त, दुकानापेक्षा पुष्कळ कमी.

फडताळातल्या बिया संपेपर्यंत खायच्या असे ठरले आहे. क्विनोआची अर्धी पिशवी वहिनींनी नेली; त्याचा उपमा बरा होतो म्हणतात. चैत्रात नवा गहू निघाला की दोन क्विंटल काठिया आमच्या नावे बाजूला ठेवायला सांगितले आहे, आणि हे म्हणताना आमच्या सौभाग्यवतींनी त्या मुलाला दोनदा बजावले की, जो तुझ्या घरी ठेवशील त्यातलाच दे.