अर्ध्या अश्वशक्तीची मोटार

आमची आळी चढाची आहे. पेठेच्या तोंडाशी ती सुरू होते आणि चढत चढत मारुतीच्या देवळापाशी संपते. पावसाळ्यात याचा फायदा वरच्यांना होतो, आणि उरलेले आठ महिने खालच्यांना. कारण नगरपालिकेचे पाणी पेठेकडून येते. एक दिवसाआड, पहाटे पाचला पाणी सोडतात. तासाभरात ते देवळापर्यंत चढायचे असते, आणि वाटेत प्रत्येक घर नळ उघडून बसलेले असते. देवळाजवळच्या बायका हंडा लावतात तेव्हा नळातून आधी हवा येते, मग थोडे पाणी, मग पुन्हा हवा. माझे घर खालून चौथे आहे.

आबा राहतात अगदी वर, देवळाला लागून. त्यांचे आडनाव आळीत कुणी घेत नाही, तेव्हा इथेही नको. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचा त्यांचा धंदा. दुकानात केव्हाही जा, व्हार्निशचा वास, भिंतीला तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि आजारी पोर मांडीवर घ्यावे तशी मोटार घेऊन बसलेला एखादा शेतकरी. आबा तारेचे फेरे मोजत असले की कुणी बोलायचे नाही, असा तिथला रिवाज आहे. एक फेरा चुकला तर मोटार पुन्हा जळते.

पण दिवसाचा अर्धा वेळ आबा दुकानात सापडत नाहीत. आळीत कुणी गेले, तर डॉक्टरांच्या आधी नव्हे, पण भटजींच्या आधी आबांना निरोप जातो. बांबू, कामटे, मडके, लाकडे, सारे त्यांच्याकडे. पुढे मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी लागते, हे आमच्यातल्या पुष्कळांना ठाऊकच नाही. कारण घरच्या माणसाला हाताशी धरून कचेरीत नेणारे आबा असतात. खांबावरचा दिवा, तुंबलेले गटार, रेशनकार्डावरचे चुकलेले नाव यांची यादी मी देत बसत नाही. प्रत्येक आळीत असा एक माणूस असतो, आणि आळी त्याला गृहीत धरते.

२०१६ चा उन्हाळा वाईट गेला. मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, तो हा उन्हाळा. आमच्याकडे खालच्या घरांनी नळाला थेट मोटारी जोडल्या. मीही जोडली. अर्ध्या अश्वशक्तीची, जुन्या बाजारातली. ती आबांकडूनच भरून घेतली होती. कशासाठी, हे त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. ती लावल्यावर गच्चीवरची टाकी वीस मिनिटांत भरू लागली. वर देवळापाशी हवासुद्धा येईना.

मग आबांनी वरच्या बायकांचा हंडा मोर्चा नगरपालिकेवर नेला. चार दिवसांनी पहाटे माणसे आली आणि घरोघरच्या मोटारी उचलून घेऊन गेली. माझ्याकडे आली तेव्हा मी अंगणात पेपर तपासत बसलो होतो. मास्तरांच्या घरात कोण शोधणार? मोटार मोरीत ओल्या गोणपाटाखाली होती. संध्याकाळी आबा चहाला आले, मोरीत पाय धुतले, आणि जाताना एवढेच म्हणाले, "मास्तर, ते गोणपाट काढा. ओलं झालंय, वाइंडिंगला पाणी लागंल."

त्यानंतर नळाची मोटार दुरुस्त करायची नाही, असा त्यांनी नेम केला. धंद्याच्या माणसाने असा नेम करू नये, असे पेठेत सगळ्यांचे मत पडले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात निवडणूक आली. नगराध्यक्ष पुन्हा थेट लोकांनी निवडायचा होता, आणि प्रभागातून दोन नगरसेवक; त्यांतली एक जागा स्त्रियांची. दुसऱ्या जागेसाठी वरच्या आळीने आबांना अपक्ष म्हणून उभे केले. अर्जावर सूचक म्हणून सही मागायला ते माझ्याकडे आले. म्हणाले, "शिकलेल्या माणसाची सही बरी दिसती." मी शाळेच्या नोकरीचे कारण पुढे केले. नियम काय आहे, हे पाहण्याची तसदी मी घेतली नव्हती. "बरं, बरं," म्हणून त्यांनी चहा संपवला आणि अर्ज जपून घडी करून खिशात घातला.

त्यांना कपबशी हे चिन्ह मिळाले. साऱ्या आळीने त्यांच्या घरचा चहा प्यायलेला असल्यामुळे ते शोभूनही दिसले. पण प्रचार कसला? ८ नोव्हेंबरला पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. इतर उमेदवार हात जोडून दारोदार फिरत होते, तेव्हा आबा म्हाताऱ्यांच्या फडक्यांत बांधलेल्या नोटा भरून देण्यासाठी त्यांच्याबरोबर बँकेपुढच्या रांगेत उभे होते. लोक ते पाहत होते. माझा समज असा, की पाहणारे सारे मत देतील.

२७ तारखेला मतदान झाले. पडद्याआड मी कपबशीसमोर क्षणभर थांबलो. खालच्या अंगाच्या एका उमेदवाराने जप्त मोटारी सोडवून आणण्याचे कबूल केले होते. माझी तर जप्तही झालेली नव्हती. तरी माझे बोट त्याच्या नावाकडे गेले.

आबा पडले. दुसऱ्या दिवसापासून आळीत ज्याला विचारावे तो सांगे, मी आबांनाच दिले. सगळ्यांचे खरे धरले असते तर आबा सहज निवडून यायचे. मीही तसेच सांगितले, आणि सांगताना माझा आवाज इतरांपेक्षा जरा मोठाच होता.

निवडून आलेल्यांची मुदत संपली. मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, निवडणुका लांबल्या, कारभार प्रशासकाकडे गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फर्मावले तेव्हा कुठे डिसेंबरात मतदान झाले. मधली चारएक वर्षे गावात नगरसेवक नव्हता, आणि आमच्या आळीला ते पुष्कळ दिवस जाणवलेही नाही. करोनाच्या साथीत ज्यांच्या प्रेताला घरचेही हात लावीनात, त्यांच्यासाठी शववाहिका मिळवायला आबा फोनवर बसले होते. नंतरच्या वर्षांत दिव्याचे बल्बही त्यांच्याच मागे लागून येत राहिले.

नोव्हेंबरात अर्ज भरण्याचे दिवस आले तेव्हा मी आपण होऊन त्यांच्या दुकानी गेलो. चढावर मला धाप लागली. आबा फेरे मोजत होते. मी रिवाजाप्रमाणे बाकावर बसलो. त्यांचे केस पांढरे झाले आहेत, मोजताना ओठ मात्र तसेच हलतात. वेटोळे पुरे झाले, त्यांनी गाठ मारली, तार तोडली.

"आबा, या वेळी उभे राहा," मी म्हणालो. "सूचक म्हणून सही मी करतो."

त्यांनी हात पुसले. आतल्या पोराला दोन चहा सांगितले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या मोटारीचं बेअरिंग वाजतंय. पहाटे इथवर ऐकू येतं."