दुभाष्या

दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यास दुभाष्याचे मोल सांगावे लागत नाही. आमची मायबोली कोंकणी, शिकवितो मराठीतून, आणि जामसांवलीस राहून कचेरीतला अर्ज लिहितो हिंदीत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्यातील सौंसर व पांढुर्णा हा मराठी बोलणारा मुलूख २०२३ सालापासून पांढुर्णा जिल्हा म्हणून वेगळा झाला आहे. येथे एकाच वाक्याला तीन वेष चढवावे लागतात. म्हणूनच संगणकाच्या पोटातही एक दुभाष्या असतो हे कळले, तेव्हा आम्हांस त्याच्याविषयी आपलेपणा वाटला.

त्याला ड्रायव्हर म्हणतात. पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची भाषा एक, संगणकाचा गाभा जो कर्नेल त्याची भाषा दुसरी; दोहोंच्या मध्ये हा उभा. आमच्या घरच्या संगणकावर लिनक्स आहे. तिचा कर्नेल लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतला. ती विनामूल्य मिळते आणि तिची घडण कोणासही पाहता येते.

गेल्या पावसाळ्यात नवा कर्नेल बसला, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि पडदा काळाठिक्कर! मुलांनी वार्षिकांकासाठी टंकित केलेले लेख आतच होते. एक विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, सगळे पुसून पुन्हा बसवू या." दुसरा म्हणाला, "मारुतीला नारळ फोडू या." नारळ अवश्य फोडावा, परंतु पुसण्यापूर्वी यंत्रालाच विचारावे, असे आम्ही ठरविले.

कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबताच पांढरी अक्षरे उमटली. म्हणजे यंत्र जिवंत होते. 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा दिली. कार्डाचे नाव आले, पण त्याखाली कोणता ड्रायव्हर काम करीत आहे ती ओळच नव्हती. कार्ड हजर, दुभाष्या गैरहजर! कारणही उमगले. जे ड्रायव्हर कर्नेलच्या घरातच नांदतात ते त्याच्याबरोबर नवे होतात. बाहेरून आणलेला ड्रायव्हर मात्र प्रत्येक नव्या कर्नेलसाठी पुन्हा घडवावा लागतो, आणि त्यासाठी त्याच आवृत्तीच्या 'हेडर' फायली लागतात. त्या आल्याच नव्हत्या.

आरंभीच्या यादीतून जुना कर्नेल निवडला, चित्र परतले. प्रथम लेखांची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, मग हेडर बसविले, ड्रायव्हर घडविला, आणि नव्या कर्नेलवरही पडदा उजळला. काही यंत्रांत 'सेक्युअर बूट' नावाचा पहारेकरी सही नसलेल्या ड्रायव्हरला दारातच अडवितो. तेथे ती सही आधी तपासावी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपून ठेवावा, हा या विद्येतील मुख्य नियम.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या या भागात कोणाच्या घरी मराठी बोलतात, कोणाच्या हिंदी, तर कोणाच्या गोंडी. वर्गात एखादा सोबती गप्प बसला की त्याला 'मठ्ठ' म्हणून मोकळे होणे सोपे असते. परंतु काळा पडदा म्हणजे बंद पडलेले यंत्र नव्हे. त्याला काय म्हणावयाचे आहे, ते त्याच्या बोलीत एकदा विचारून पाहा. मध्ये उभा राहणारा कोणीतरी हवा असतो. तो तुम्हीच व्हा.