डिस्प्ले दुरुस्त

माझ्या जुन्या पावतीपुस्तकात एका पानावर दोनच शब्द आहेत : ‘डिस्प्ले दुरुस्त’. पुढे पंधराशे रुपये, खाली माझी सही. जून २०११. पुण्यात तापकीर गल्लीजवळच्या एका बोळात मी नुकतंच दुकान थाटलं होतं. पावती होती भोरकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांची.

त्यांचा लॅपटॉप चार वर्षांचा. बटण दाबलं की पंखा फिरायचा, दिवे लागायचे, पडदा मात्र काळा. त्याआधी आठवडाभर उभ्या रेघा दिसत होत्या, असं ते म्हणाले. बाहेरचा मॉनिटर जोडला, तोही कोरा. म्हणजे पॅनेल नाही, केबल नाही, ग्राफिक्स चिपच. मी बोर्ड मोकळा केला, आजूबाजूच्या भागांना उष्णता लागू नये म्हणून टेप लावली, चिपच्या कडेनं फ्लक्स सोडला आणि हॉट एअर गन धरली. बोर्ड निवल्यावर जोडून पाहिलं, तर पडदा लख्ख.

तेविसाव्या दिवशी सर परत आले. भांडले नाहीत. पावती समोर ठेवून एवढंच विचारलं, “मग तेव्हा तुम्ही दुरुस्त काय केलं होतंत?”

मला उत्तर देता आलं नाही. ते मला माहीतच नव्हतं. बाजारात जो तो सांगायचा तेच मी धरून चाललो होतो : चिपखालचे सोल्डरचे मणी सुटतात आणि उष्णतेनं पुन्हा धरतात. जुलै २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आले, बिनशिशाचं सोल्डर ठिसूळ निघालं, असं म्हणून आम्ही सगळा दोष त्याच्या माथी मारायचो. काही बोर्डांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण त्या पिढीतल्या अनेक चिपांचं दुखणं एक मजला वर होतं.

ग्राफिक्स चिपचे खरोखर दोन मजले असतात. वर आरशासारखा गुळगुळीत सिलिकॉनचा तुकडा, त्याला डाय म्हणतात. तो सबस्ट्रेट नावाच्या पातळ पाटीवर, केसाच्या जाडीच्या शेकडो सोल्डर-बिंदूंवर टेकलेला असतो. हे बिंदू म्हणजे बंप. त्यांच्यामधल्या फटीत अंडरफिल नावाची राळ भरतात. मोठे मणी त्याच्याही खाली, सबस्ट्रेट आणि बोर्ड यांच्यामध्ये. लॅपटॉप चालू केला की चिप तापते, बंद केला की निवते. सिलिकॉन कमी प्रसरण पावतं, सबस्ट्रेट जास्त. ही रोजची ओढाताण अंडरफिलनं सोसायची. तेच तापल्यावर मऊ पडलं तर ताण बंपांवर येतो आणि त्यांना भेगा जातात. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियानं स्वतःच जाहीर केलं होतं की लॅपटॉपसाठीच्या आपल्या काही चिपांमध्ये डाय आणि पॅकेजिंगचं साहित्य कमकुवत आहे. त्यापायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूदही केली होती. म्हणजे मी गन हातात धरली, त्याच्या तीन वर्षं आधी हे छापून आलेलं होतं.

हे उमगलं तेव्हा गनची करामतही उलगडली. ज्या बंपांत शिसं जास्त असतं, ते वितळायला ३०० अंशांच्या पुढे जावं लागतं. मी देत होतो २३० च्या आसपास. भेग सांधत नव्हती, तिच्या कडा तात्पुरत्या टेकत होत्या. सगळ्यात चुटपुट लागली ती रीबॉलिंगची. जुने मणी उतरवायचे, चिपचं पोट पुसून लख्ख करायचं, स्टेन्सिलच्या भोकांमधून एकेक नवा मणी बसवायचा, असं ते तासन्‌तासांचं, डोळ्यांची परीक्षा पाहणारं काम मला अतिशय आवडतं. आणि अशा चिपवर ते अगदी निर्दोष केलं तरी उपयोग नाही. पडदा उजळतो, तो त्या खटाटोपात चिप तापली म्हणून.

इलाज एकच, चिप बदलणं. तीही जुन्याच खेपेची मिळाली तर पुन्हा तेच. म्हणून पाठीवरचे चार आकडे भिंगाखाली पाहायचे : पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. पाठ घासून नवे आकडे छापलेल्या चिपाही विकल्या जातात, तेव्हा अक्षरांच्या कडा आणि पाठीवरचे ओरखडेही बघायचे.

सरांचे पैसे मी परत केले आणि लॅपटॉप ठेवून घेतला. दीड महिन्यानं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर १०३२ आकड्यांची चिप मिळाली, २०१० च्या बत्तिसाव्या आठवड्याची. ती बसवतानाचा एक क्षण मला अजून जपून ठेवावासा वाटतो. खालचे मणी वितळतात तशी चिप किंचित खाली बसते. चिमट्याच्या टोकानं तिला हलकेच ढकललं की ती सरकते आणि आपली आपण जागेवर परत येते. वितळलेल्या धातूचा पृष्ठताणच तिला ओढून आणतो.

सर आले तेव्हा नवी पावती मी सविस्तर लिहिली : चिप बदलली, तिचा आकडा, तीन महिन्यांची हमी. जुनी चिप पाकिटात घालून त्यांच्या हातावर ठेवली. ती उजेडात धरून त्यांनी उलटसुलट करून पाहिली.

“भेग कुठंय?”

“दिसणार नाही, सर. डायच्या पोटाखाली आहे.”

“पोरांना दाखवतो,” म्हणत त्यांनी पाकीट सदऱ्याच्या खिशात टाकलं.