मोवाडपासून सुरुवात कर

प्रिय सई,

वास्तुशास्त्राची पदवी हाती आल्यावर घरं बांधायचं सोडून तू जुन्या वास्तूंचा इतिहास शिकायचं ठरवलंस. दादाला काळजी लागली आहे, पोरीचं पोटपाणी कसं चालणार? ती काळजी खोटी नाही. पण माझं मन तुझ्या बाजूनं आहे. हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण नरखेड-काटोलकडे आणखी कुणी मुलगी हाच विचार करत असेल.

डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. श्री. माटे यांचं काम तू क्रमानं वाच. मराठा स्थापत्यावरचं त्यांचं पुस्तक पुणे विद्यापीठानं १९५९ मध्ये काढलं. १६५० ते १८५० हा त्याचा काळ. त्या काळातल्या कितीतरी वाड्यांत पुस्तक निघालं तेव्हाही माणसं राहत होती, चुली पेटत होत्या. पुढे टी. व्ही. पाथी यांच्यासोबत त्यांनी दौलताबादचं संशोधन केलं. त्याचा अहवाल १९९२ चा. आणि १९९८ मध्ये आला भारतातल्या जलव्यवस्थापनाचा इतिहास, इसवी सनपूर्व १५०० पासून इसवी सन १८०० पर्यंतचा.

वाड्यांपासून निघालेला अभ्यासक चाळीस वर्षांनी पाण्यापाशी आला, हे मला फार मोलाचं वाटतं. कात्रजच्या तलावाचं पाणी नळानं पुण्यात आलं, म्हणून शनिवारवाड्याचे हौद भरले. नुसता वाडा मोजून हे कळत नाही, त्यासाठी डोंगरउतारही वाचावा लागतो.

आपल्याकडे हा धडा मोवाडनं दिला. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी गावात शिरली, दोनशेहून अधिक माणसं गेली. गाव दुसरीकडे वसवावं लागलं. जुन्या गावात कुणाची ओसरी कुठे होती, नदीकडे जाणारी वाट कुठून उतरायची, हे आता म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक आहे. ते कागदावर कोण उतरवणार?

आपल्या मळ्यातली विहीर आठवते ना? काठाच्या दगडाला दोरानं पडलेल्या खाचा आहेत. लहानपणी तू त्यात बोट घालून बसायचीस. आता शेजारी बोअर आहे, संत्र्याची झाडं त्याच्यावर जगतात आणि पाणी खोल खोल जातं आहे. किती पिढ्यांनी, किती हातावरून पाणी शेंदलं, याची दुसरी नोंद आपल्याकडे नाही, सई. त्या खाचाच काय त्या आहेत.

दिवाळीला येताना मोजपट्टी आण. आधी विहीर मोजू, मग मोवाडला जाऊ. तिथल्या आजीबाई सांगतील तसं तू काढ, मी पट्टीचं दुसरं टोक धरीन.

तुझी,
आत्या